दगा कुणी दिला तेही लिही

विशाखा, तुझ्या फ्लेक्सवरून ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन’ ही ओळ मी काढायला लावली आहे. धामणकर नाक्याजवळचा तो फ्लेक्सवाला तुला आठवत असेल. वाढदिवस, निवडणूक आणि मयत, सगळं एकाच उत्साहाने छापतो. त्याच्याकडे मजकूर तयारच असतो. फोटो बदलायचा, नाव बदलायचं, झालं. त्यानं तुझा फोटो बसवला, कोपऱ्यात पंचशील ध्वज बसवला आणि मधोमध ती ओळ आपोआप येऊन बसली. मी म्हटलं, ही काढ. तो म्हणाला, "मॅडम, ये लाइन तो सबमें रहती है." मी म्हटलं, म्हणूनच काढ.

अल्पसा म्हणे! ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. पावसाळा गेला, थंडी गेली, पुन्हा पावसाळा आला. कंबर धरलेली, सांधे सुजलेले, घामाने उशी भिजलेली, आणि तू मला फोनवर सांगणार, "काही नाही गं मंदे, हवा बदलली." शेवटी तो आजार हृदयाच्या झडपेवर जाऊन बसला. याला अल्पसा म्हणणाऱ्यांना काय म्हणावं ते मी इथं लिहीत नाही, कारण तुझी आई हे वाचणार आहे.

तू जाऊन पंधरवडाही झाला नाही. राग निवायच्या आत लिहून टाकते. नंतर मीही इतरांसारखी ‘हसतमुख’ आणि ‘मनमिळाऊ’ असलं काहीतरी लिहीन, आणि तू तर हसतमुख कधीच नव्हतीस. मनमिळाऊपणाबद्दल तुझ्या ऑफिसातल्या साहेबांना विचारावं. तू भांडखोर होतीस. मीही आहे. आपलं शेवटचं भांडण अर्धवट राहिलं आणि तू निघून गेलीस, ही तुझी जुनी खोड. पण या वेळी मी ते अर्धवट सोडणार नाही, कारण त्यात तिसऱ्या माणसाचा जीव अडकलाय. आपल्या बोकडवाल्या शमीमभाईंनाही ताप येत होता. यायचा, जायचा, पुन्हा यायचा.

पशुवैद्यकीय कॉलेजात भिवंडी तालुक्यातल्या आपण दोघीच होतो. तू शहरातली, पोस्टमनची पोर. मी काल्हेरची, आगऱ्याची, जिच्या घरी तेव्हा अजून शेतात भात पिकायचा आणि गोठ्यात म्हशी असायच्या. आता त्या शेतावर गोदाम उभं आहे आणि मी गोदामांच्या राखणीच्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचत फिरते. तू यावरून मला फार छळलंस. "काय डॉक्टरीणबाई, आज किती वॉचमन तपासले?" पहिल्या दिवशी सर सगळ्यांना विचारत होते, पुढे काय करणार. कोणी म्हणालं दवाखाना, कोणी म्हणालं बँकेची परीक्षा. तू उभी राहून म्हणालीस, वाळवंटातल्या शेळ्या. अख्खा वर्ग हसला. भिवंडीत वाळवंट कुठलं?

पण होतं ना. दरवर्षी बकरी ईदच्या आधी ट्रकांतून यायचं. बाबांसोबत पत्रं वाटत फिरताना तू मोहल्ल्यांतून ते बघितलेलं. घराघरासमोर बांधलेली, लांब कानांची, उंच पायांची जनावरं. आपल्याकडच्या शेळ्यांसारखी नाहीत. आपला हिरवागार चारा टाकला तर तोंड फिरवायची. आपल्या दमट हवेत त्यांना पडसं व्हायचं, चिखलात उभं राहून खूर सडायचे. तू बाबांना विचारलंस, ही कुठनं आली? बाबा म्हणाले, जिथं पाऊस पडत नाही तिथून. मग तू विचारलंस, यांना परत सोडता येत नाही का? बाबांकडे सगळ्यांचे पत्ते असायचे, हा एकच नव्हता. तो शोधत तू थेट वाळवंटात जाऊन पोचलीस आणि तिथल्या संशोधन केंद्रात चिकटलीस.

तुझ्याकडून मी काय शिकले ते तुला कधी सांगितलं नाही. तोंडावर कौतुक केलं की तू फार वाईट चेहरा करायचीस. आता चेहरा करता येत नाही तर ऐक. जनावराला हात लावण्याआधी खाली बसायचं, हे मी तुझ्याकडून घेतलं. आपल्याला कॉलेजात उभ्याने तपासायला शिकवलं होतं. तू आधी जमिनीवर बसकण मारायचीस, जनावराच्या तोंडासमोर, काहीही न करता. गोठेवाले हसायचे, "ही डॉक्टरीण हाय का पाव्हणी?" तोवर तू त्याचा श्वास मोजून, गुडघे बघून, डोळे बघून मोकळी झालेली असायचीस. मी अजूनही बसते. माझे गुडघे आता कुरकुरतात, तरी बसते. गोदामांचे ते दांडगट कुत्रेसुद्धा त्यामुळे निवतात. एवढं एक देणं पुरेसं होतं तुझं, पण तू तिथे थांबणारी नव्हतीस.

दुसरं देणं म्हणजे एका शब्दाचा जाच.

आपल्या पहिल्या वर्षाच्या नोकरीतली गोष्ट. माझ्या तालुक्यात म्हशी मेल्या होत्या आणि मी अहवालात लिहिलं, ‘जनावरे दगावली.’ सगळेच तसं लिहितात. वर्तमानपत्रात रोज येतं, शेळ्या दगावल्या, रुग्ण दगावला. तू सुट्टीवर आली होतीस. तो कागद हातात घेतलास आणि म्हणालीस, "दगावली? म्हणजे दगा झाला. मग दगा कुणी दिला तेही लिही." मी म्हटलं, अगं, तो नुसता शब्द आहे. तू म्हणालीस, "नुसता नाही. मेली म्हटलं की कारण विचारावं लागतं. दगावली म्हटलं की सगळे मान हलवतात आणि चहा प्यायला जातात. एक तर मेली म्हण आणि कारण लिही, नाही तर दगावली म्हण आणि नाव लिही." मी चिडून तो अहवाल पुन्हा लिहिला. कुजका चारा, तो पुरवणारा, सगळं. वरून बोलणी खाल्ली. त्या दिवसापासून तो शब्द माझ्या हातून एकदाही उतरला नाही. बोलतानाही जीभ अडखळते. एखाद्याचं साधं भाग्य असतं, ज्याला मैत्रीण चांगली मिळते; मला तू मिळालीस.

तुझं वाळवंट मी एकदाच पाहिलं, आणि त्याच खेपेला तुझं सगळं संशोधन समजलं. बाकी तू जे कागद पाठवायचीस ते मी अर्धे वाचून ठेवून द्यायचे. गावाबाहेर पावसाच्या पाण्याचं एक तळं होतं, तिथले लोक त्याला ‘नाडी’ म्हणायचे. सकाळी शेळ्या आल्या, मागून उंट आले. माणसं पांगल्यावर खेजडीच्या झाडाआडून तीन चिंकारा हरणं आली, पाय इतके बारीक की मला वाटलं मोडतील. रोज येणारं चौथं आलं नाही. ते आपल्याला काठावर सापडलं, मेलेलं. तू खाली बसलीस. त्याच्या पुढच्या गुडघ्यावर लिंबाएवढी सूज होती. "हात लावू नकोस, नुसतं बघ," म्हणालीस. मग तू शेळ्यांच्या कळपाकडे बोट केलंस. तिथेही एक शेळी तसाच गुडघा घेऊन उभी होती.

"ब्रुसेला," तू म्हणालीस. शेळ्यांना गाभ टाकायला लावणारा, सांधे सुजवणारा, आणि दुधातून, टाकलेल्या गाभातून, वारेतून माणसात शिरणारा तो जंतू. आपण दोघींनी पुस्तकात वाचलेला. तू तो शेळीत शोधत होतीस, उंटात शोधत होतीस आणि हरणातही.

मी म्हटलं, म्हणजे शेळ्यांनी हरणांना दिला.

तू माझ्याकडे असं बघितलंस की मी अजून विसरले नाही. "जंगलवाले पण असंच म्हणतात. शेळ्यावाले म्हणतात हरणांनी दिला. अगं, आधी इथं पाच ठिकाणी पाणी होतं. चार ठिकाणी तारेची कुंपणं लागली. आता सगळे एकाच पाण्यावर येतात, एकाच चिखलात गाभ टाकतात. दगा कुणी दिला? शेळीनं? हरणानं?" असं म्हणून तू हातमोजे चढवलेस आणि कामाला लागलीस. हातमोजे तुझे तूच विकत घेतले होतेस, कारण केंद्रातला साठा कायम ‘मागवला आहे’ या अवस्थेत असायचा. मी कडेला बसून होते. ऊन चढत होतं. मला तुझा हेवा वाटला होता, विशाखा. माझ्या आयुष्यात एवढं मन लावून मी काहीच विचारलं नव्हतं.

मग तू ते लिहिलंस. शेळ्यांत आहे, हरणांत आहे, पाणी एकच आहे, कुंपणं काढा. लोकांनी त्यातली पहिली दोन अक्षरं वाचली: शेळ्या. थोड्याच दिवसांत पाचव्या पाण्यालाही तार लागली, ‘वन्यजीवांच्या आरोग्यासाठी’. कळपवाल्यांना हाकललं. बाजारात त्यांचं दूध कोणी घेईना. ज्या म्हातारीच्या अंगणात तू जेवायचीस, तिनं तुला दारातूनच विचारलं, तू आमचं नाव का घेतलंस? हे तू मला सांगितलंस तेव्हा तुझा आवाज फुटला होता. तुझा आवाज फुटलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "मंदे," म्हणालीस, "आजाराचं नाव लिहिलं की त्या नावाचा दांडका करतात." त्या दिवसापासून तू नाव लिहायला घाबरू लागलीस. इतकी वर्षं मला ‘नाव लिही’ म्हणून छळणारी तू! मला ते कधीच पटलं नाही. आपलं भांडण तिथून सुरू झालं.

आता शमीमभाई. वडपेला हायवेलगत त्यांचं आवार. ईदच्या आधी वाळवंटातले ट्रक तिथं उतरतात. बोकड जास्त, पण दुधासाठी म्हणून थोड्या शेळ्याही असतात. तू दरवर्षी त्याच सुमारास घरी यायचीस आणि आईच्या हातचं जेवण्याआधी वडपेला पळायचीस, कारण तुझ्या वाळवंटाचं रक्त तुला इथं घरबसल्या मिळायचं. शमीमभाई जनावर धरायचे, तू नळीत रक्त घ्यायचीस, मी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचे. ते तुला ‘डॉक्टर बाजी’ म्हणायचे, म्हणजे डॉक्टर ताई. त्यांच्या बायकोनं पाठवलेल्या शेवया तू हावरटासारख्या खायचीस. एका वर्षी ट्रकमध्येच एका शेळीनं गाभ टाकायला सुरुवात केली. वार अडकलेली, शेळी ओरडतेय. हातमोजे संपलेले. मी ओरडले, "थांब, मी काल्हेरहून घेऊन येते, बाईक आहे!" तू बाह्या वर केल्यास. "हिला थांबायला सांग मग." शमीमभाईंनी मागून धरलं, तू हात घातलास. त्यांच्या पोटापर्यंत सगळं उडालं होतं. शेळी वाचली. तुम्ही दोघं नळाखाली हात धूत एकमेकांची चेष्टा करत होतात आणि मी संतापून साबण शोधत होते.

तुला तो आजार तिथं लागला की वाळवंटात, हे आता कोणी सांगू शकणार नाही. तुझ्या अंगावर असे कित्येक ट्रक उतरले असतील. पण तुला कळलं होतं. इतरांना टायफॉइड वाटत होता तेव्हाही तुला कळलं होतं. स्वतःचं रक्त स्वतः तपासलंस, गोळ्या सुरू केल्यास, बरं वाटलं, आणि फिरतीवर जाताना मधेच सोडून दिल्यास. गोळ्यांनी मळमळतं, उन्हात चालवत नाही, म्हणे. अगं, तू! शेळ्यांचं औषध एक दिवस चुकलं तर मालकाची सालं काढणारी तू! याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि जाऊही नये.

शेवटच्या आठवड्यात दुपारी मी तुझ्या खाटेजवळ बसले होते. आई डबा आणायला गेलेली. तू म्हणालीस, "बाहेर कुणाला नाव सांगू नकोस. ताप म्हण. ईद जवळ आलीय. नाव कळलं तर शमीमभाईंच्या आवारात कुत्रं फिरकणार नाही. आणि तिकडे तर काय करतील माहितेय तुला." मी म्हटलं, शमीमभाईंनाही ताप येतोय, त्यांना रक्त तपासायला सांग. तू म्हणालीस, "मी सांगितलंय गुपचूप. ते जात नाहीत. त्यांनाही तीच भीती आहे." मी म्हटलं, मग गुपचूप सांगून भागत नाही ना! तू डोळे मिटलेस. मला वाटलं दमलीस, उद्या भांडू. उद्या तुला बोलता येत नव्हतं.

तू जाताच तुझ्या साहेबांचा फोन आला. केंद्राच्या पत्रिकेत चार ओळी छापायच्या आहेत, तुम्ही त्यांच्या जवळच्या, लिहून द्याल का. दिल्या. त्यावर पुन्हा फोन. "मॅडम, आजाराचा उल्लेख टाळता येईल का? अल्पशा आजाराने असं घातलं तर बरं. उगाच चौकशी वगैरे लागते, आणि विशाखा मॅडमनाही ते आवडलं नसतं." हे शेवटचं खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. तुला नको होतं ते शेळ्यावाल्यांसाठी. यांना नको होतं ते हातमोज्यांसाठी. मी म्हटलं, "साहेब, चौकशी लागू द्या. तुम्ही नाही छापलंत तर मी छापेन." ते हसले. त्यांना वाटलं, ही कुठं छापणार. ते भिवंडीला कधी आलेले नाहीत. इथं फ्लेक्सला कुणी अडवत नाही.

पण तोंडाने मोठं बोलले आणि संध्याकाळी तुझ्या आईसमोर बसले तेव्हा तुझंच म्हणणं आठवलं. तू नको म्हणाली होतीस. मेलेल्या माणसाचं ऐकायचं नाही, हे मी आईला कशी सांगणार? तरी सगळं सांगितलं. तुझी भीती, शमीमभाईंचा ताप, साहेबांचा फोन, तो दगावण्याचा शब्द. आई पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही तिचा. निवडता निवडताच म्हणाली,

"इशाखाचे चुलते वारले तवा शेजारच्यानी कागदावर ‘कैलासवासी’ लिवून आणलं. इशाखाच्या बापानं ते खोडलं. म्हनला, कैलास आपला न्हाय, स्वर्ग आपला न्हाय, माणूस काळानं नेला, कालकथित लिवा. लय लोकं हसली. म्हनली, काय हा शबूद, वाचता पन येत न्हाय. आता सगळी आपली मानसं तेच लिवतात. कोन हसतंय?"

तिनं तांदळाची पुढची मूठ घेतली.

"पन तिची भीती खोटी न्हाय हाय, मंदा. नुसतं नाव लिवलं तर लोकं घाबरणार. घाबरलेलं मानूस शेळीला मारतंय, न्हायतर शेळीवाल्याला. तू नाव लिव, नि खाली काय करायचं तेबी लिव. सोप्पं करून."

मी विचारलं, "आणि गोळ्या तिनं मधेच सोडल्या ते?"

आईनं तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. "तेबी लिव," म्हणाली. मग पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. मी उठून तिच्या शेजारी बसले. आम्ही दोघी रडलो. तुला एवढंही सांगून ठेवते, कारण तू म्हणशील, मंदी नुसती आरडाओरड करते.

तर फ्लेक्सवर तुझ्या फोटोखाली असं छापलं आहे:

‘कालकथित डॉ. विशाखा. ब्रुसेलोसिस या तापाने मेली. हा ताप औषधाने बरा होतो. तिनं औषध मधेच सोडलं होतं, तुम्ही सोडू नका. ताप जात-येत असेल, सांधे दुखत असतील, तर रक्त तपासा. गाभ टाकणाऱ्या शेळीला उघड्या हातांनी धरू नका. दूध उकळून प्या. शेळीला मारू नका, शेळीवाल्याला हाकलू नका, तीही आजारी आहे आणि तोही.’

‘मेली’ या शब्दावर फ्लेक्सवाला अडला. "मॅडम, ‘मेली’ अच्छा नहीं लगता. इज्जतदार लोग हैं." मी म्हटलं, हिच्या इज्जतीला हाच शब्द लागतो. त्यानं वाचून बघितलं, पुन्हा वाचलं. "ये श्रद्धांजली है या सरकारी जाहिरात?" दोन्ही, म्हटलं. खालच्या ‘शोकाकुल’पुढे मी आईचं आणि माझं नाव घातलं. जागा उरली होती. तिथं त्यानं स्वतःहून एक शेळी काढली, लांब कानांची. कुठल्या तरी ईदच्या फ्लेक्समधून उचलली असणार. मी राहू दिली.

लावला त्या दिवशी तीन-चार जणांनी मला फोन करून झापलं. मयताच्या फोटोखाली असलं लिहितात का, पोरीची बदनामी केली, वगैरे. एका नात्यातल्या काकांनी तर आईलाच विचारलं, तुम्ही हे चालू कसं दिलंत? आई म्हणाली, "मीच लिव म्हनले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाक्यावर शेअर रिक्षासाठी उभी होते. खरं सांगायचं तर फ्लेक्स कोणी वाचतंय का ते बघायला गेले होते. रिक्षाच्या रांगेतली एक बाई वर बघून शेजारणीला विचारत होती, "उकळून म्हंजे किती? नुसतं वर आलं की पुरं?" मी मधे तोंड घातलं आणि सांगितलं, वर येऊन थोडा वेळ उकळत राहू दे. ती म्हणाली, "तुम्ही ओळखता यांना?" मी हो म्हटलं.

तेवढ्यात शमीमभाई दिसले. पलीकडच्या पानवाल्याच्या टपरीपाशी, डोक्यावर टोपी, उन्हात अंगावर शाल. ते वाचत होते. त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो, ओठ हलत होते. मला वाटलं, आता मोठमोठ्याने ओरडतील, की धंदा बसवलास माझा. मी रस्ता ओलांडून गेले. ठरवूनच गेले, ओरडले तर आपणही ओरडायचं.

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. फ्लेक्सकडे बघत विचारलं, "बाजी ने दवा बीच में छोड़ दी थी?"

"हो."

"उनको तो सब मालूम था."

"सगळं माहीत होतं."

"ये उन्होंने लिखने को बोला?"

मी खोटं बोलू शकले असते. सोपं झालं असतं. "नाही," मी म्हटलं. "नाव बाहेर काढू नको म्हणाली होती. तुमचा धंदा बसेल म्हणून."

शमीमभाईंनी पुन्हा फ्लेक्सकडे बघितलं. मागून ट्रकचे हॉर्न वाजत होते. मग त्यांनी शालीतून हात बाहेर काढला आणि बाही वर सारली, अगदी रस्त्यातच. वडपेच्या आवारात शेळीचा पाय तुझ्यापुढे धरायचे तसा तो हात माझ्यापुढे धरला.

"चलो," म्हणाले. "किधर देना है खून?"

विशाखा, त्यांच्या रक्तात तोच आहे. पण झडपेपर्यंत गेलेला नाही, डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं. औषध सुरू झालं आहे. मळमळतं म्हणून काल कुरकुरत होते. मी फोनवर तुझं नाव घेऊन इतकी बोलले की त्यांच्या बायकोनं फोन काढून घेतला आणि म्हणाली, आप बेफिकर रहो, मैं सामने बैठ के खिलाती हूँ.

तुझी भीतीही खरी ठरली, तेवढं कबूल करते. या वर्षी त्यांच्या आवारात गिऱ्हाईक कमी आहे. मी रोज दुपारी तिथं जाऊन बसते, जमिनीवर, शेळ्यांसमोर, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगते काय करायचं नि काय नाही. काही जण ऐकून घेतात आणि बोकड नेतात. काही जण पळतात. पळणाऱ्यांना मी हाका मारते. भांडणाचा हा भाग अजून माझ्या बाजूने लागलेला नाही, आणि तुझ्या नाडीवरची तारही अजून जागेवर आहे. तिच्याबद्दल साहेबांना रोज एक पत्र जातं. उत्तर आलं नाही तरी जाणार.

पण शमीमभाई दगावणार नाहीत. हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. ये आणि खोड.